सेमरहावालीच्या शिव्या

बलियाकडच्या पिपरपातीत लग्न ठरलं की मुलीचा बाप तीन माणसांना आधी गाठायचा: पंडिताला, आचाऱ्याला आणि सेमरहावालीला. यातला पंडित ऐनवेळी आला नाही तरी निभून जायचं, शेजारच्या गावातून दुसरा उचलून आणायचे. आचाऱ्याचंही तसंच. पण सेमरहावाली आजारी पडली म्हणून एका माणसानं चक्क मुहूर्त पुढे ढकलला होता, आणि गावानं त्याला शहाणाच म्हटलं.

कारण व्याही जेवायला बसला आणि त्याला दाराआडून चार सणसणीत शिव्या बसल्या नाहीत, तर जेवण काय चाटायचंय? तो घरी जाऊन सांगणार, "कसली सोयरीक हो! गुपचूप वाढलं, गुपचूप खाल्लं, कुणी आमच्या बापाचंसुद्धा नाव काढलं नाही." त्या मुलखात शिवी न देणं हाच मोठा अपमान. आणि शिवी म्हणजे नळावरच्या भांडणातली नव्हे. ती गायची असते, ढोलकीवर, चालीत, आणि ज्याला द्यायची त्याच्या मापाची शिवलेली असावी लागते. उंच माणसाचा सदरा बुटक्याला घातला की कसं दिसतं? तसं.

माप घेण्यात सेमरहावालीचा हात धरणारं कुणी नव्हतं. वऱ्हाड कुठल्या गावचं हे कळलं की ती कामाला लागायची. त्या गावची माहेरवाशीण शोध, तिथं म्हैस विकलेल्या माणसाला पकड, नावाड्याला तंबाखू मळून दे. बेलहरीचं वऱ्हाड आलं तेव्हा तिनं गायलं होतं की बेचाळीसच्या चळवळीत सगळा बलिया जिल्हा तुरुंगाचं दार उघडायला धावला, आणि तुमचा मुखिया भाताच्या कणगीत जाऊन बसला, बाहेर आला तेव्हा मिशीला कोंडा! गंगेकाठच्या एका वऱ्हाडाला तिनं महापुराची आठवण करून दिली. पाणी चढलं तेव्हा त्यांच्या आजोबांनी बायकोला छपरावर बसवलं आणि नावेत शेळी घेतली. जमिनीवरूनही सोडायची नाही ती. "तुमच्या शिवारात पिकतं काय, कास गवत आणि कासवं!" व्याही लाल व्हायचे, पोट धरून हसायचे आणि आणखी भात मागायचे. बलियाच्या खेड्यांचा इतिहास कुणाला हवा असेल तर त्यानं पिपरपातीत दोन लग्नसराया काढाव्यात. राजे-रजवाडे मिळणार नाहीत, पण कणगीत कोण लपलं ते मिळेल.

भूगोलाचं मात्र अवघड आहे. या जिल्ह्यात भूगोल एका जागी बसतच नाही. एका अंगाला गंगा, दुसऱ्या अंगाला शरयू, तिथली सरजू, आणि दोघींनाही कूस बदलायची खोड. सरजूमाई एखाद्या सावनात अंग घुसळते आणि काठावरचं गाव कापून नेते. लोक बांधावर येऊन राहतात, मग बांधाखाली झोपड्या पडतात, झोपड्यांची घरं होतात आणि वस्तीला नाव पडतं नवका टोला. नवी वाडी. असे नवके टोले इतके झालेत की पोस्टमन कपाळाला हात लावतो. पुढे कधी नदीच्या मनात आलं तर ती गिळलेली जमीन ओकून टाकते, तीही पलीकडच्या काठाला. म्हणजे माणूस राहतो उत्तर प्रदेशात आणि त्याचं शेत उगवतं बिहारमध्ये. आपल्याच वेलीचे परवल तोडायला परराज्यात नाव घालायची!

सेमरहाही असंच गेलं. सेमर म्हणजे सावर, काटेसावर. गावात एक भली थोरली सावर होती, म्हणून सेमरहा. तिथली एक मुलगी पिपरपातीत नांदायला आली आणि रिवाजाप्रमाणे माहेरच्या गावावरून सेमरहावाली झाली. सुनेला नावानं हाक मारायची तिथं पद्धत नाही. तिची स्वतःची सून मठियावाली, शेजारीण रतसडवाली. ती नांदायला आली, पहिलं मूल झालं, आणि त्याच पावसात सरजूनं सेमरहा नेलं. आईबाप त्या धक्क्यानं पाठोपाठ गेले. भाऊ कलकत्त्याला चटकलीत, तागाच्या गिरणीत, कामाला म्हणून गेला तो गेलाच. बाकीचा गाव कुणी बिहारात, कुणी बांधावर, कुणी आसनसोलला, असा उधळला. त्यानंतर तीजेच्या सणाला तिच्या दारात माहेरचं कुणी आलं नाही. दर वर्षी इतर बायकांचे भाऊ पुडे, साड्या घेऊन यायचे, तेव्हा ही मुद्दाम गोठ्यात काम काढायची. तिचं माहेर नावापुरतं उरलं होतं, आणि ते नावही लोकांनी तिच्यावरच टाकलं होतं. मतदार कार्ड काढायला आलेल्या बाबूनं विचारलं, "बाईंचं नाव?" मुलगा सुदामा गडबडला. आईचं नाव कधी ऐकलंय कुणी? बाबूनं आपल्या मनानं लिहून टाकलं, सेमरी देवी.

अशी ही सेमरहावाली. आणि आता तिच्या नातीचं, पुतुलचं लग्न निघालं होतं.

जन्मभर दुसऱ्यांच्या व्याह्यांना शिव्या घातल्या, आता घरचे व्याही येणार! म्हातारीच्या अंगात वारं शिरलं. वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांनी मरेपर्यंत आठवण काढावी अशी शिवी तिला घालायची होती. दात बरेच गेले होते, आवाज चिरकत होता, ही आपली शेवटचीच मोठी मैफल हेही तिला ठाऊक होतं. तिनं खेदू न्हाव्याला बोलावलं. सोयरीक त्यानंच जुळवली होती.

"हं, बोल. गाव कुठलं?"

"नवका टोला," खेदू म्हणाला.

"ते झालं. त्याच्या आधी?"

"आधी बांधावर होते."

"आणि बांधाच्या आधी?"

"पाण्यातून आले असतील, चाची. मला काय ठाऊक? मी मुलगा पाहिला, म्हशी पाहिल्या, मुलाच्या बापाचा, विजयमलचा स्वभाव पाहिला. नदीला विचारायला थोडाच गेलो?"

"मेल्या, पोरीला देतोयस आणि गाव विचारलं नाहीस?"

"जात एक, गोत्र वेगळं, मुलगा निर्व्यसनी. तुला शिव्या घालायला सोयीचं जावं म्हणून का मी स्थळं शोधू?"

म्हातारीनं माणसं पाठवली, फोन करायला लावले. बांधाच्या आधीचं कुणी धड सांगेना. नवक्या टोल्यात सांगण्यासारखं काही घडलेलंच नव्हतं. कुणी कणगीत लपलं नव्हतं, कुणी शेळी वाचवली नव्हती. सरकारनं हातपंप दिला आणि तो बिघडला, एवढाच त्या वस्तीचा इतिहास. आता असल्या गावाला शिवी घालायची कशी? सेमरहावालीची झोप उडाली. सून म्हणाली, "अम्मा, ती साधी गा ना, सगळ्यांना चालते ती." सासूनं तिच्याकडे असं पाहिलं की मठियावाली मुकाट्यानं डाळ निवडायला बसली. ही मठियावाली सासूमागे इतकी वर्षं नुसती धृपद धरत आली होती, पण पुढचा आवाज लावायची संधी तिला सासूनं कधी दिली नाही.

लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात भाताची पंगत बसली. हीच खरी पंगत. आदल्या रात्री वऱ्हाड पुरी-भाजी खातं ते पाहुणे म्हणून, भात खातं ते सोयरे म्हणून. मधोमध मुलाचे आजोबा शिवबचन बसले, पांढऱ्या मिशीचे, ताठ. शेजारी विजयमल. पत्रावळीवर भात, तुरीची डाळ, कढीतले वडे, परवलाची भाजी, दही. आजोबांनी पहिला घास घ्यायचा, मग बाकीच्यांनी. आणि आजोबा घास हातात धरून कान देऊन बसलेले.

दाराआड ढोलकी वाजली. सेमरहावालीनं डोईवरचा पदर हनुवटीपर्यंत ओढला, व्याह्यांपुढे तोंड दाखवायचं नसतं, आणि सुरू केलं:

"व्याही आले हो, मिशीला तूप लावून,
बायको ठेवली घरी, शेजारी राखण ठेवून!"

बायका खिदळल्या. पंगतीतली पोरं हसली. शिवबचननं घास पत्रावळीत परत ठेवला.

"हे काय?" ते मोठ्यानं म्हणाले. "ही शिवी तर रस्त्यानं जाणाऱ्या बसलाही घालता येईल. आम्ही ऐकून आलो की पिपरपातीत गावावरून शिवी मिळते. आमच्या गावाची कुठंय?"

म्हातारीला ही चपराक झोंबलीच. जन्मात कुणी तिला असं ऐकवलं नव्हतं. ती दाराआडूनच कडाडली, "गाव असेल तर शिवी! नवका टोला हे काय गाव झालं? हातपंपाला शिव्या घालू का? आभाळातून पडलात की काय तुम्ही?"

"आभाळातून कशाला? आम्ही सेमरह्याचे."

ढोलकी थांबली. मठियावालीनं वळून पाहिलं, तर सासूचे ओठ नुसते हलत होते. बायकांना वाटलं, म्हातारीला भोवळ येतेय. कुणीतरी पाणी आणायला धावलं.

"कुठलं सेमरहा?" आतून आवाज आला, अगदी बारीक. "सेमरहा तीन आहेत."

"सरजूनं नेलं ते. सावरीखाली दोन विहिरी होत्या ते."

"विहिरी कशा होत्या?"

"एक गोड, एक खारी," शिवबचन म्हणाले. आता त्यांनीही मान वळवली होती.

"आणि खाऱ्या विहिरीत कोण पडलं होतं?"

म्हाताऱ्याची मिशी जरा खाली आली. सगळी पंगत त्यांच्याकडे बघायला लागली.

"सांगा की, बाबूजी," विजयमल म्हणाला.

"मी," शिवबचन पुटपुटले. "पेरू चोरून पळत होतो."

आणि मग पिपरपातीनं कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. सेमरहावाली दाराबाहेर आली, भर पंगतीत, आणि तिनं डोक्यावरचा पदर झटकन मागे टाकला. पांढरे केस, सुरकुतलेलं तोंड, सगळं उघडं. सुदामा ओरडला, "अम्मा, व्याही बसलेत!"

"व्याही गेला खड्ड्यात," म्हातारी म्हणाली. "हा माझा भाऊ आहे. गावच्या भावासमोर कुणी तोंड झाकतं का? शिवबचन भइया, तू पच्छिम टोल्याचा. मी पूरब टोल्याची, जगरदेवची धाकटी."

"जगरदेव काकाची!" म्हातारा पत्रावळीवरून उठला. "अगं, तू... थांब, थांब, नाव अगदी जिभेवर आहे..."

"आठव."

"सांग ना."

"मी नाही सांगायची. भाऊ म्हणवतोस ना? मग आठव." असं म्हणून ती रडायला लागली, आणि रडता रडता हसायलाही लागली. शिवबचननं तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचेही डोळे भरून आले होते.

इथवर सगळं छान झालं. पण भात निवायला लागला होता आणि घोळ आता कुठं सुरू झाला होता. शिवबचन पत्रावळीपासून दूर सरकून उभे राहिले आणि दोन्ही हात जोडून म्हणाले, "आता मी इथं जेवू शकत नाही. गावच्या मुलीच्या घरचं पाणीसुद्धा चालत नाही आपल्यात."

"काल रात्री पुऱ्या कुणी खाल्ल्या?" खेदू न्हावी मागून म्हणाला. "मीच वाढल्या. तीनदा मागून घेतल्यात."

"काल ठाऊक नव्हतं. काल जे झालं ते सरजूमाईनं पोटात घालावं."

"पोटात तर तुमच्या गेलंय."

आजोबा जेवणार नाहीत म्हटल्यावर पंगत कशी जेवणार? आणि शिवी? तीही बुडाली. माहेरच्या गावाला शिवी म्हणजे बापाला, भावाला शिवी. तोंड झडेल! सेमरहावालीच्या लक्षात आलं तशी ती मटकन उंबऱ्यावर बसली. नातीचं लग्न, अख्खा गाव कान टवकारून बसलेला, शिवी घालायला जन्मात मिळाला नाही असा व्याही समोर, आणि तिचंच तोंड शिवलेलं. पोरीची पाठवणी बिनशिवीची, उपाशी व्याह्याची होणार!

विजयमल बिचारा भला माणूस. त्याला वाटलं, आपण वाट काढावी. म्हणाला, "बाबूजी, गाव तर राहिलंच नाही आता. पाण्यात गेलं. मग गावची मुलगी तरी कुठली? जेवून घ्या."

सेमरहावाली ताडकन उठली. "गाव नाही? गाव नाही तर मला इथं सगळे काय म्हणून हाक मारतात? इतकी वर्षं कुणाचं नाव घेऊन मी या घरात वावरले?"

"चूप बस रे," शिवबचन मुलाला म्हणाले. "बहीण आहे माझी. मी हिच्या घरचं खाणार नाही म्हणजे नाही."

तुम्हाला हे ऐकायला कसं वाटतं कोण जाणे, पण म्हातारीच्या कानांनी यापेक्षा गोड काही ऐकलं नव्हतं. भाऊ आपल्या घरचा घास नाकारतोय! म्हणजे भाऊ आहे. माहेर आहे. तिला इतका आनंद झाला की तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

तोडगा खेदूनं काढला. न्हावी उगीच का ठेवतात लग्नात? "हे बघा," तो म्हणाला, "भावानं बहिणीकडे खायचं नाही, कबूल. पण भाच्यांनी आत्याकडे खायला कुणाची ना आहे? तेव्हा विजयमल आणि बाकीची सगळी पोरं या घरचे भाचे. हाणा खुशाल. राहिले आजोबा. आजोबा, पिशवीत काय आहे?"

आजोबांच्या पिशवीत सत्तू होता, भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ. बलियाचा म्हातारा स्वर्गात निघाला तरी पिशवीत सत्तू घेऊन निघेल. शिवबचन पुन्हा मधोमध बसले, आपल्याच लोट्यातल्या पाण्यात त्यांनी सत्तू कालवला, आपल्याच पुडीतलं मीठ आणि मिरची टाकली आणि लाडू वळून हातात धरला. आजूबाजूला कढी, वडे, दही, आणि व्याह्यांचा म्हातारा सत्तू घेऊन बसलेला! पण घास अजून तोंडात जात नव्हता.

"शिवी," ते म्हणाले. "गावाची."

"मी नाही गाऊ शकत, भइया."

"मग सून आहे ना? तिचं थोडंच ते माहेर?"

मठियावालीनं घाबरून सासूकडे पाहिलं. सासूनं क्षणभर विचार केला, मग तिचा हात धरून तिला दाराआड पुढे बसवलं आणि स्वतः तिच्या मागे भिंतीकडे तोंड करून बसली. जणू इथं नाहीच. आणि तिनं सुनेच्या कानात कुजबुजायला सुरुवात केली. ती सांगायची, सून गायची. मठियावालीचा आवाज असा मोकळा लागला की बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. इतकी वर्षं हा कुठं होता?

"सेमरह्याच्या विहिरी दोन, एक गोड, एक खारी,
खारीत पडला शिवबचन, पेरू होते खांद्यावरी!

पूरब टोल्याची तेलीण, तिचा घाणा कुरकुरे,
पच्छिम टोल्याचा मुखिया तिच्या दारी घुटमळे!

सावरीचा कापूस उडे साऱ्या गावाच्या नाकात,
सेमरह्याचे जावई गेले शिंकत शिंकत रागात!"

शिवबचननं घास घेतला. पंगत तुटून पडली. आणि शिवी चालूच. तेलिणीच्या घरावरून कुंभाराच्या आव्याकडे, तिथून शंकराच्या देवळाकडे, देवळातला पुजारी भांग पिऊन कुठल्या पायरीवर लोळायचा ते, घाटावर कुणाची म्हैस कुणाच्या धोतरावर बसली ते. एकेक घर, एकेक दार. पंगतीतल्या मधल्या वयाच्या माणसांनी त्या गावाचं नुसतं नाव ऐकलं होतं, काहींनी तेही नाही. ती भाताचा हात तसाच ठेवून ऐकत होती. शिवबचन मात्र प्रत्येक घराला मान हलवत होते, "हो, हो, तिथंच, निंबाच्या पलीकडे," जणू गल्लीतून चालत निघालेत.

मग म्हातारी जरा थांबली. तिनं शेवटचं कडवं सांगितलं. मठियावाली कचरली. "अम्मा, हे गाऊ?" सासूनं तिच्या पाठीवर एक चापट मारली.

"सरजूनं गिळलं गाव सारं, कुडा-भिंतींसकट,
शिवबचन तेवढा टाकला थुंकून, म्हणे, लागतो फार तुरट!"

अंगण फुटलं नुसतं हसून. शिवबचनना ठसका लागला, सत्तू मिशीवर उडाला, विजयमल त्यांची पाठ चोळायला लागला. ते हसत होते की रडत होते, त्यांचं त्यांनाही कळलं नसेल. "वा!" ते ओरडत होते. "वा! याला म्हणतात शिवी! आता जमली सोयरीक!"

उन्हं कलल्यावर पाठवणी झाली. पुतुलच्या ओटीत तांदूळ, हळद, दूर्वा घातल्या, बायकांनी गळे काढले, पुतुलनं आईच्या गळ्यात हात टाकले ते कुणाला सुटेनात. सेमरहावालीही गळा काढून रडत होती, मनापासून. नात चालली होती. जीप सुरू झाली, हलली, वेशीच्या पिंपळापाशी पोचली आणि थांबली. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि पुढच्या सीटवरून शिवबचन अर्धे बाहेर लटकून मागे बघतायत. इतका वेळ ते बहुतेक त्या गल्लीतूनच चालत असावेत, तेलिणीच्या घरापासून निंबाकडे, निंबापासून जगरदेवच्या दारापर्यंत.

"धनेसरी!" ते ओरडले. "ए धनेसरी! दारात वासरू धरून बसायचीस!"

बायकांचं रडणं एकदम थांबलं. कोण धनेसरी? सगळ्या इकडे तिकडे बघायला लागल्या.

"काय भइया?" सेमरहावालीनं उत्तर दिलं. आवाज असा, जणू दहा वर्षांची पोर अंगणातून ओ देतेय.

"तीजेला न्यायला येतो! तुझी भावजय ओटी भरेल! तयार राहा!"

"साडी लाल आण!" ती ओरडली. "मागच्यासारखी फिकी नको!" मागची साडी कधी आली होती देव जाणे, पण भावाला बोलायचा हक्क तिनं असा लगेच वसूल केला. जीप धूळ उडवत बांधावर चढली आणि दिसेनाशी झाली.

घराकडे परतताना मठियावाली सासूबरोबर चालत होती. मग तिला राहवेना.

"अम्मा, तुमचं नाव धनेसरी आहे?"

"आहे गं," म्हातारी पदरानं नाक पुसत म्हणाली. "बऱ्याच दिवसांत लागलं नव्हतं."